वाद नव्हता, तरी वकील केला

"तुमचं म्युच्युअल होतं ना? मग वकील कशाला?"

जानेवारी 2025 मध्ये माझ्या परस्पर संमतीच्या घटस्फोटाची डिक्री, म्हणजे कोर्टाचा अंतिम हुकूम, झाली. तेव्हापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी, इतक्या हळू आवाजात विचारलाय की आता एकदा सलग लिहूनच काढते. स्टाफरूमच्या कोपऱ्यात, स्टेशनच्या पुलावर, एकदा तर एका बारशाला, पाळणा सजवता सजवता. विचारणाऱ्यांतल्या काहींना तो स्वतःसाठीच विचारायचा असतो, हे बोलण्यावरून लगेच कळतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी गोरेगावात एका अनुदानित मराठी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. लेक आता सहावीत आहे. तिच्या बाबाचं नाव इथे लिहिणार नाही, लेकीचा बाबा एवढंच म्हणेन. तो वाईट माणूस नाही. हे टाकण्याआधी त्याला वाचायला दिलं होतं, त्याने एक तारीख दुरुस्त करून दिली.

सप्टेंबर 2022 मध्ये, घरचे गणपती आटोपल्यावर तो नोकरीसाठी पुण्याला गेला. आमच्यातलं त्याआधीच संपत आलं होतं, बदली निमित्त झाली. कोणी कोणावर हात उचलला नाही, तिसरं माणूस नव्हतं, पैशावरून कधी आवाज चढला नाही. दोन्हीकडच्या आईवडिलांना सांगून झालं, रडून झालं. 2024 च्या एप्रिलमध्ये आम्ही फोनवर ठरवलं की आता कागदोपत्रीही मोकळं व्हावं. वाद तर काहीच नाही, म्हणून ओळखीतल्या कोणीतरी सुचवलेल्या एका एजंटाला गाठलं. 15,000 रुपयांत सगळं, दोघांनी फक्त दोनदा यायचं, असं तो म्हणाला.

चार दिवसांनी त्याने व्हॉट्सअॅपवर याचिकेचा मसुदा पाठवला. नऊ पानं. मी वह्या तपासायच्या सवयीने लाल पेन घेऊन बसले. तिसऱ्या पानावर आमचं लग्न ठाण्याच्या कुठल्याशा सभागृहात झालं होतं. आमचं लग्न गिरगावात झालंय. पाचव्या पानावर आम्हाला एक मुलगा होता. दुसऱ्याच कोणाच्या संसाराचा मसुदा उचलून त्यावर आमची नावं बसवली होती, आणि जिथे नजर चुकली तिथे तो संसार तसाच राहिला होता. त्या दोघांची आठवण मला अजून येते. पण मला खरं घाबरवलं ते सातव्या पानाने. अर्जदार क्रमांक 2, म्हणजे मी, "स्वतःसाठी व अपत्यासाठी पोटगीचा हक्क कायमस्वरूपी सोडून देत आहे" असं तिथे लिहिलं होतं. आम्ही दोघांनी असं काही ठरवलंच नव्हतं. एजंटाला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, सगळ्यांच्यात असंच असतं. लवकर होतं त्याने."

शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला दादरच्या एका वकीलबाईंकडे नेलं. पन्नाशीच्या पुढच्या, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ऑफिस. पुढच्या शनिवारी मी आणि लेकीचा बाबा, दोघंही गेलो. त्यांनी पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मी कोणाची वकील?"

आम्ही म्हटलं, दोघांची. आमच्यात वादच नाही.

"एकच वकील दोघांची याचिका दाखल करतो, असं सर्रास चालतं," त्या म्हणाल्या. "मी करत नाही. मी यांची. तुम्ही तुमचा माणूस बघा. त्याने एकदा सगळं वाचून तुम्हाला समजावलं तरी पुरे."

तो नाराज झाला. खाली उतरल्यावर म्हणाला, "भांडण नाही तर दोन वकील कशाला? हीच माणसं भांडणं लावतात." मलाही आतून तेच वाटत होतं. पण उतरण्यापूर्वी वकीलबाईंनी दोघांच्या हातात फुलस्केपचे दोनदोन कागद दिले होते. त्यावर चौदा प्रश्न सांगून लिहायला लावले. घरी जाऊन उत्तरं लिहायची, एकमेकांना दाखवायची नाहीत, फोनवर विचारायचं नाही. "माझ्या परीक्षेत कॉपी चालत नाही," एवढं मला उद्देशून.

आठवड्याने ते कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

मुलगी कोणाकडे राहणार: दोघांचंही उत्तर, आईकडे. तिला भेटायचं कधी: मी लिहिलं होतं रविवारी, त्याने लिहिलं होतं हवं तेव्हा. शाळेची फी कोणी भरायची: मी "तो", त्याने "निम्मी निम्मी". दिवाळीची सुट्टी: मी लिहिलं होतं, "अर्थातच माझ्याकडे, शाळेला सुट्टी मलाही असते." त्याने लिहिलं होतं, "अर्थातच पुण्याला, आईबाबा तेव्हा येतात." दोघांच्याही कागदावर "अर्थातच" होतं, आणि दोघांनीही ते मनापासून लिहिलं होतं. घराचं कर्ज: मी समजत होते की तो त्याचा अर्धा हप्ता भरत राहील, तो समजत होता की घर माझ्याकडे राहणार म्हणजे हप्ताही माझा. दोन वर्षं आम्ही वाद नाही, वाद नाही म्हणत होतो. वाद नव्हता कारण विषयच निघाला नव्हता.

वकीलबाई काही बोलल्या नाहीत. चौदापैकी जिथे उत्तरं जुळत नव्हती तिथे त्यांनी पेन्सिलने फक्त टिंब दिलं. नऊ टिंबं झाली. त्या नऊ टिंबांवर आम्ही पुढचे दोन महिने बोललो, कधी फोनवर, कधी पुण्याच्या बसस्टँडवर. लग्नाच्या शेवटच्या चार वर्षांत इतकं नीट बोललो नव्हतो.

आता कायद्याचं, मला समजलं तेवढं. हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे, पण परस्पर संमतीचं कलम 13-ब त्यात 1976 च्या दुरुस्तीने आलं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी तसंच कलम 28 आहे. याचिका दाखल करण्यापूर्वी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. आमचा गोंधळ इथेच झाला, कारण तो महिन्यातून दोनदा लेकीला भेटायला यायचा आणि हॉलमध्ये झोपायचा. वकीलबाईंनी सांगितलं, वेगळं राहणं म्हणजे नवराबायको म्हणून न राहणं, एका छपराखाली असूनही ते होऊ शकतं. पण तारीख नेमकी लिहा आणि दोघांनी तीच सांगा.

पहिल्यांदा याचिका दाखल होते, ते फर्स्ट मोशन. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं, की हो, आमचं अजूनही तेच म्हणणं आहे. ते सेकंड मोशन. मधल्या काळात, अगदी डिक्री होईपर्यंत, दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. 1991 च्या सुरेष्टा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. आणि 2017 मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं की हे सहा महिने बंधनकारकच आहेत असं नाही. वेगळं राहून दीड वर्ष उलटलं असेल, समेटाचे प्रयत्न करून झाले असतील, मूल, पोटगी, पैसा सगळं मिटलं असेल आणि थांबण्याने नुसता त्रासच वाढणार असेल, तर न्यायाधीश ती मुदत माफ करू शकतात. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

आम्ही जून 2024 मध्ये याचिका दाखल केली तेव्हा वेगळं होऊन एकवीस महिने झाले होते. अर्ज करता आला असता, लेकीच्या बाबाची तशी इच्छाही होती. वकीलबाईंनी थांबवलं, आणि कारण असं होतं की ते आम्हाला जन्मात सुचलं नसतं.

फ्लॅट दोघांच्या नावावर. त्याचा अर्धा हिस्सा माझ्या नावावर करायचा ठरलं होतं. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं, वर जे काही अधिभार असतील ते. पण डिक्री झाली की मी त्याची बायको राहणार नाही. मग ही सवलत मागायची कशाच्या आधारावर? मुंबईतल्या घराच्या अर्ध्या हिश्श्यावर नेहमीच्या दराने शुल्क म्हणजे किती, ते प्रत्येकाने आपापल्या घराचा हिशेब मांडून बघावं. शिवाय घर बँकेकडे गहाण. बँकेची ना हरकत असल्याशिवाय बक्षीसपत्र नाही, आणि बँकेला आमच्या घटस्फोटाशी काही देणंघेणं नाही. कर्जावर दोघांच्या सह्या म्हणजे दोघंही जबाबदार, कोर्टात काहीही ठरो. माझ्या एकटीच्या पगारावर 11 लाखांचं उरलेलं कर्ज नव्याने मंजूर करून घ्यायला पाच महिने गेले. पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, सोसायटीचं पत्र, पुन्हा पगाराच्या स्लिपा. ते सहा महिने आम्हाला पुरते कामी आले. घाई करून मोकळे झालो असतो तर हे सगळं दोन परक्या माणसांनी करायचं राहिलं असतं.

त्याच्या बाजूने बघायला त्याने शेवटी पुण्यात एक वकील गाठला. त्यांनी आमच्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या लेखी अटी, वाचल्या आणि विचारलं, समजा तुम्ही घर आधी नावावर करून दिलं आणि बाई सेकंड मोशनला आल्याच नाहीत तर? हे त्याने मला फोनवर सांगितलं. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. पंधरा वर्षांच्या ओळखीत मी शब्द फिरवणारी बाई आहे असं त्याच्या वतीने कोणीतरी बोललं, हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना म्हटलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांच्या वकिलाने हे विचारलं नसतं तर मला त्यांची काळजी वाटली असती." मग असं ठरलं की बक्षीसपत्राचा मसुदा आधीच पक्का करायचा, त्याचा उल्लेख कन्सेंट टर्म्समध्ये घालायचा आणि नोंदणी सेकंड मोशनच्या आदल्या आठवड्यात करायची. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात दोघांनी एकाच बाकावर बसून अंगठे दिले, फोटो काढले. तोपर्यंत माझा राग गेला होता.

पोटगीचं. मी कमावते, स्वतःसाठी काही मागितलं नाही. तो माझा निर्णय, इतर कोणीही माझं बघून करू नये. लेकीचं मात्र वेगळं. मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा असतो, आईबापांनी आपापसात सही करून तो सोडता येत नाही. त्या एजंटाच्या सातव्या पानावर वकीलबाईंनी आडवी रेघ मारली ती इतकी जोरात की कागद फाटला. त्या जागी आता दरमहा ठरावीक रक्कम, दरवर्षी 8 टक्के वाढ, शाळेची फी निम्मी निम्मी, दवाखाना निम्मा, आणि दिवाळीची सुट्टी एक वर्ष इथे, एक वर्ष पुण्याला. पासपोर्टच्या अर्जावर दोघांनी सही करायची हेसुद्धा लिहिलंय. मेडिक्लेमचा प्रश्न चौदातला अकरावा होता. मी त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत होते, डिक्रीनंतर बाहेर पडणार होते, आणि मला हायपोथायरॉइड आहे. नवी पॉलिसी मी ऑक्टोबरमध्येच काढून ठेवली. पीपीएफ, विमा, भविष्य निर्वाह निधी, सगळीकडे वारसदाराचं नाव बदलायचं राहून जातं, तेही तपासा.

स्त्रीधनाची यादी करायला आम्ही दोघं मिळून लॉकर उघडायला गेलो. तो वजनाच्या चिठ्ठ्या वाचत होता, मी लिहीत होते. ठुशी, मोहनमाळ, आईने केलेले तोडे. तळाशी लाल मखमली पिशवीत सासूबाईंनी लग्नात घातलेल्या दोन पाटल्या. त्या परत करायच्या असं मी मनाशी ठरवलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, लग्नात सुनेच्या अंगावर घातलं ते सुनेचं, कोणीही घातलेलं असो. यादीत तुमच्या म्हणून लिहा, मग द्यायच्या तर खुशाल द्या. मी त्या घेऊन गिरगावला गेले. सासूबाईंनी पाटल्या हातावर तोलल्या, पदराने पुसल्या, एक स्वतःच्या हातात चढवली आणि एक माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "एक राहू दे तुझ्याकडे." मग निघताना कोयरी आणली आणि थबकल्या. "लावू का गं?" म्हणाल्या. मी वाकले. त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं. यादीत त्या पाटलीपुढे मी नंतर वजन दुरुस्त केलं.

कोर्टाच्या दोन दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तरी नवख्या माणसाला भीती त्याचीच असते. मुंबईचं कौटुंबिक न्यायालय वांद्रे पूर्वेला, बीकेसीच्या बाजूला आहे. आमची याचिका एफ नंबरची होती, तिथे संमतीच्या याचिकांना ते अक्षर असतं. आधी विवाह समुपदेशकांनी दोघांना एकत्र आणि मग वेगवेगळं बसवून विचारलं, कोणाचा दबाव आहे का, पुन्हा एकत्र येण्याची शक्यता आहे का, मुलीला काय सांगितलंय. मुलीला काय सांगितलंय हे त्यांनी ज्या पद्धतीने विचारलं, त्यावर मला पहिल्यांदा त्या इमारतीत रडू आलं. खोलीबाहेर बाकावर एक मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून चित्रांचं पुस्तक बघत होती. न्यायाधीशांपुढे जेमतेम पाच मिनिटं. मराठीतच विचारलं, स्वखुशीने आलात ना, अटी वाचल्यात ना, समजल्यात ना. मी "समजल्यात" म्हणाले तेव्हा ते खरं होतं. त्या नऊ पानांवर सही केली असती तर तेव्हाही हेच म्हणाले असते, आणि खोटं बोलले असते.

वकील असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, हेही सांगायला हवं. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 13 प्रमाणे तिथे वकिलामार्फत उभं राहणं हा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. स्वतः याचिका करणारी माणसंही मी तिथे पाहिली. मूल नाही, घर नाही, कर्ज नाही, लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, असं असेल तर कदाचित जमेलही. पण मूल किंवा घर, दोन्हीपैकी एक जरी असेल तरी सही करण्याआधी कोणा जाणकाराकडून कागद वाचून घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे, त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, 15100 या हेल्पलाइनवर माहिती मिळते. माझ्या वकीलबाईंनी मला 40,000 सांगितले, तीन टप्प्यांत घेतले, प्रत्येक वेळी पावती दिली. पहिल्याच भेटीत विचारून घ्या: या रकमेत काय काय आलं, मुदत माफीचा अर्ज वेगळा धरणार का, कोर्टाच्या तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअरला पाठवणार. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आहे का हे विचारायला लाजू नका, खऱ्या वकिलाला राग येत नाही. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या स्टँपपेपरवर सही नाही म्हणजे नाही, समोर सख्खा मावसभाऊ असला तरी.

डिक्रीची एक प्रत दोघांनाही विनामूल्य मिळते. ती कायद्यातच तरतूद आहे. वर तीन प्रमाणित प्रती मी पैसे भरून घेतल्या. एक बँकेत गेली, एक सोसायटीत, शेअर सर्टिफिकेटवरून त्याचं नाव कमी करायला. तिसरी लेकीच्या पासपोर्टच्या फाईलमध्ये आहे. यंदाची दिवाळी पुण्याची आहे. परवा तिने स्वतःच कन्सेंट टर्म्सचं ते पान मागितलं आणि वाचून विचारलं, "यात किल्ल्याचं काहीच लिहिलेलं नाही. किल्ला कुठे करायचा?" मी बाबाला फोन लावून दिला.